मोगऱ्याला कळी आली, हे कुणाला सांगू?

तुझा प्रश्न काल रात्री वाचला आणि आज सकाळी चहा घेताना परत वाचला, कारण असला प्रश्न माझ्याकडे सहसा कोणी आणतच नाही, लोक रडायला येतात आणि ते बरोबरच आहे, त्यासाठीच मी बसलेय. पण चांगलं झालंय आणि ते सांगता येत नाहीये म्हणून अडकलेय, असं इतकं सरळ लिहिणारी तू पहिलीच असशील. तुला तू म्हणते, चालेल ना, वयाने धाकट्या बहिणीएवढी आहेस.

इतरांनाही कळावं म्हणून तुझं म्हणणं आधी दोन ओळीत सांगते. वय 34, माहेर कोल्हापूर, आता पुण्यात. कॉलेजच्या 5 जणींचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे पण त्यावर हल्ली फक्त वाढदिवसाचे केक आणि फॉरवर्ड. गेल्या महिन्यात तीन गोष्टी झाल्या: चार वर्षं नुसती पानं देणाऱ्या मोगऱ्याला कळ्या आल्या, मुलगा पहिल्यांदा काठ सोडून पोहला, आणि ऑफिसात साहेबांनी भर मीटिंगमध्ये नाव घेऊन कौतुक केलं. तिन्ही वेळा मेसेज टाइप केलास आणि पुसून टाकलास. एक तर फुशारकी वाटेल, दुसरं म्हणजे ग्रुपमधल्या एकीची मूल होण्यासाठी ट्रीटमेंट चालू आहे तिला काय वाटेल, आणि तिसरं, सासूबाई म्हणतात चांगलं बोलून दाखवू नये, दृष्ट लागते.

मी नाशिकला 24 वर्षं समुपदेशन करतेय. सुरुवातीची बरीच वर्षं मीही फक्त त्रास काय आहे तेच विचारायचे. मग कधीतरी सवय लागली की पहिल्या किंवा दुसऱ्या भेटीत एक प्रश्न टाकायचाच, की गेल्या महिन्याभरात काय चांगलं झालं, आणि ते सगळ्यात आधी कुणाला सांगितलंत? पहिल्या अर्ध्याला लोक काहीतरी आठवून उत्तर देतात. दुसऱ्या अर्ध्याला खोली शांत होते. दुःखात कोण येईल याची नावं बहुतेकांकडे असतात, दवाखान्यात डबा कोण आणेल, पैसे कोण देईल, ते पाठ असतं. पण पोळी फुगली हे कुणाला सांगायचं, हे माहीत नसतं.

पोळी फुगली हे उगाच नाही म्हटलं. एक गृहस्थ यायचे माझ्याकडे, ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलून सांगते. साठीच्या जवळचे, बायको जाऊन सात-आठ महिने झालेले, मुलगा परदेशात. डबा लावलेला पण त्या चवीला कंटाळून स्वतः पोळ्या करायला लागले, आणि रोज पापड व्हायचा नुसता. एके दिवशी संध्याकाळी सातच्या सुमारास पोळी टम्म फुगली. ते मला म्हणाले, मॅडम, मी गॅसपाशी उभा, एका हातात चिमटा आणि दुसऱ्या हातात मोबाईल, आणि सगळे नंबर वरून खाली गेलो पण पोळी फुगली म्हणून फोन करता येईल असा एक नंबर नाही. शेवटी गॅस बंद केला, ती पोळी ताटलीत घेतली आणि खाली जाऊन सोसायटीच्या वॉचमनला दाखवली. वॉचमन काय म्हणाला असेल? "तव्यावर फुगली का गॅसवर धरली साहेब?"

बस्स, एवढंच. पण त्या एका प्रश्नावर दोघं वीस मिनिटं कणीक किती सैल असावी, तेल आधी का नंतर, यावर बोलत बसले, आणि मग ती पोळी दोघांनी अर्धी अर्धी खाल्ली. हे सांगताना त्या माणसाचा चेहरा मी पहिल्यांदा हललेला बघितला. माझ्या चार-पाच सेशनने जे झालं नव्हतं ते त्या वॉचमनच्या एका प्रश्नाने झालं हे कबूल करायला मला काही वाटत नाही.

आता तुझी गंमत अशी झालीये की तू सगळा विचार सांगण्याच्या बाजूने करतेयस, की कसं सांगू, कुठल्या शब्दात, फुशारकी वाटणार नाही ना. पण सांगण्यात फार काही नसतंच गं. सगळं ऐकणाऱ्याच्या पुढच्या प्रश्नात असतं. वॉचमन नुसतं "वा वा साहेब" म्हणाला असता तर ते गृहस्थ ताटली घेऊन परत वर गेले असते.

यावर अभ्यासही झालेत. अमेरिकेत लँगस्टन नावाच्या संशोधकाने 1994 मध्ये दाखवलं की चांगली घटना घडल्यावर माणसाने ती कुणाला सांगितली किंवा कशी का होईना साजरी केली तर मूळ घटनेच्या आनंदावर आणखी वेगळा आनंद मिळतो. म्हणजे मुद्दल वेगळं आणि व्याज वेगळं. नंतर शेली गेबल आणि तिच्या सहकाऱ्यांनी 2004 मध्ये पुढचा प्रश्न विचारला, की सांगितल्यावर समोरचा काय करतो? त्यांना चार तऱ्हा सापडल्या आणि त्यातल्या एकाच तऱ्हेने नातं घट्ट होतं. आणि 2006 च्या अभ्यासात त्यांनी जोडप्यांना समोरासमोर बसवून एकमेकांना चांगल्या आणि वाईट दोन्ही गोष्टी सांगायला लावल्या, तर नातं कितपत टिकेल याचा अंदाज वाईट गोष्टीवर जोडीदार काय बोलला यापेक्षा चांगल्या गोष्टीवर काय बोलला त्यावरून जास्त चांगला बांधता आला. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला पटलं नव्हतं, कारण आमचं सगळं शिक्षणच दुःखात साथ कशी द्यायची याचं. मग पेशंटांच्या गोष्टी त्या नजरेने ऐकायला लागले आणि पटत गेलं.

त्या चार तऱ्हा तुला पुस्तकी नावांनी सांगत नाही, आपल्या घरातल्याच सांगते. समज तू घरी येऊन म्हणालीस की आज साहेबांनी मीटिंगमध्ये माझं नाव घेतलं. एक जण म्हणतो, अगं काय सांगतेस, नेमकं काय म्हणाले, तू काय केलंस तेव्हा, बाकीच्यांची तोंडं कशी झाली? दुसरा मोबाईलवरून मान वर न करता म्हणतो, छान. तिसरा म्हणतो, हं, म्हणजे आता काम वाढवणार तुझं, घरी यायला अजून उशीर. आणि चौथा म्हणतो, बरं ऐक ना, गॅसवाला आला होता का?

दुसरा माणूस वाईट नसतो, त्याला खरंच आनंद झालेला असतो पण तो आतल्या आत राहतो. हल्लीचा अंगठा म्हणजे तोच. व्हॉट्सॲपवर 2022 पासून मेसेजलाच इमोजी चिकटवायची सोय आली तेव्हापासून तर छान हा एक शब्दही टाइप करायचे कष्ट उरले नाहीत. चौथ्याबद्दल बोलण्यात अर्थ नाही.

तिसरा मात्र आपल्याकडचा खास आहे आणि त्याच्यावर मी थोडं थांबणार, कारण तो मी आहे. माझी मुलगी 16 वर्षांची असताना मैत्रिणींबरोबर सायकलवर त्र्यंबकेश्वरला जाऊन आली, जाऊन येऊन 55-60 किलोमीटर होतात, चढ आहे, घामाने निथळत दारात उभी आणि डोळे असे चमकत होते. आणि मी, समुपदेशक मी, पहिलं वाक्य काय बोलले, तर "हेल्मेट होतं का डोक्यावर? त्या रस्त्याला ट्रक किती असतात माहितीये ना?" तिने हो म्हणून बूट काढले आणि आत गेली. अर्ध्या तासाने ती मावशीला फोनवर सगळं सांगत होती, कुठे चढावर उतरून सायकल ढकलली, कुठे उसाचा रस प्यायल्या, आणि मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. काळजी होती हो माझी, पण काळजी दहा मिनिटांनी करता आली असती. आपल्या आयांची, बापांची हीच तऱ्हा. 92 टक्के पडले तर उरलेले 8 कुठे गेले. गाडी घेतली तर पार्किंग आहे का. प्रेमच असतं ते, पण ज्याला सांगायचं असतं तो पुढच्या वेळी मावशीला सांगतो.

आमच्या आईकडे एक नियम होता, तुमच्याकडेही असेल, की शेजारून काही आलं तर वाटी रिकामी परत करायची नाही. खरवस आला, अळूची भाजी आली, वाटी धुऊन त्यात काही ना काही घालूनच द्यायची, घरात काहीच नसेल तर निदान चमचाभर साखर. कोणी चांगली बातमी आणली की मला हल्ली ती वाटी आठवते. अंगठा टाकणं म्हणजे वाटी घासून पुसून, अगदी लख्ख, पण रिकामी परत पाठवणं. आणि "उरलेले 8 कुठे गेले" म्हणजे वाटी परत देताना तिचा टवका उडालाय हे दाखवून देणं.

तेव्हा ग्रुपवर तू सांगत नाहीस हा प्रश्न अर्धा झाला. त्या चौघींनी कधी काही सांगितलं तेव्हा तू वाटीत काय घातलंस, ते जरा मागे स्क्रोल करून बघ. टोमणा म्हणून नाही म्हणत. मी माझ्याच मैत्रिणींच्या ग्रुपवर असं बघितलं आणि वर्षभरात माझे बहुतेक सगळे रिप्लाय टाळ्या, गुच्छ आणि "अभिनंदन" एवढेच होते. एकीने घराच्या गच्चीवर पहिल्यांदा तिचं तिचं टोमॅटोचं पीक काढल्याचा फोटो टाकला होता तर त्याखाली आम्हा सहा जणींच्या ओळीने टाळ्या, आणि संपलं. त्यानंतर तिने बागेचा एकही फोटो टाकलेला नाही. म्हणजे ग्रुप असा आपोआप मरत नाही, आपणच मारतो टाळ्या वाजवून.

आता फुशारकीचं. फुशारकीत निकाल असतो आणि आनंदात प्रसंग असतो, मी तरी असंच ओळखते. "माझ्या मुलाला स्विमिंग येतं आता, सरांनी लगेच पुढच्या बॅचला घेतलं" यात निकाल आहे आणि बाकीच्यांच्या मुलांशी तुलना आपसूकच आली. "तीन आठवडे काठ धरून रडत होता आणि आज सर पलीकडे बघत होते तेव्हा गुपचूप हात सोडला आणि मग मीच रडले" यात कुणाशी तुलना नाही, ऐकणारीला विचारायला जागा आहे. तपशील सांगितला की फुशारकी आपोआप गळून पडते. आणि एक गोष्ट अजिबात करायची नाही, ती म्हणजे तक्रारीच्या कागदात बातमी गुंडाळणं. "काय सांगू बाई, दोन-दोन कॉलेजात नंबर लागलाय ह्याचा, आता कुठलं घ्यावं डोक्याला ताप नुसता." या प्रकाराला इंग्रजीत हंबलब्रॅग म्हणतात आणि 2018 मध्ये त्यावर झालेल्या अभ्यासात दिसलं की लोकांना असल्या माणसापेक्षा सरळ बढाई मारणारा जास्त आवडतो. निदान तो खरं तरी बोलतो. तेव्हा साहेबांनी कौतुक केलं तर "मला आज फार भारी वाटलं गं" असं सरळ म्हण. आपल्याला लहानपणापासून स्वतःबद्दल चांगलं बोलू नये असं शिकवलंय ते ठीक, पण मैत्रिणीपुढे नाही बोलायचं तर मग कुणापुढे बोलायचं.

ट्रीटमेंट चालू असलेल्या मैत्रिणीचं जास्त नाजूक आहे, आणि तू तिचा विचार करतेस हे मला आवडलं. पण विचार करणं आणि तिच्या वतीने ठरवून टाकणं यात फरक आहे. अशा बायका माझ्याकडे बऱ्याच येतात. त्यातल्या कितीतरी जणी सांगतात की बातमीने दुखतं ते दुखतंच, पण मी आल्यावर सगळ्या गप्प झाल्या, याने जास्त दुखतं. यश लपवण्यावरही एक अभ्यास आहे 2021 चा, त्यातही हेच निघालं की आपण समोरच्याला जपतोय असं वाटून लपवतो, पण त्याला कळलं की अपमान वाटतो, की मला एवढं कच्चं समजली का ही.

म्हणून मी काय करते ते सांगते. बातमी मुलांची, डोहाळ्यांची, बारशाची अशी असेल तर तिला आधी, एकटीला, आणि फोन न करता मेसेज. फोनवर तिला त्याच क्षणी आवाजात आनंद आणावा लागतो, मेसेज वाचून ती रडू शकते, चिडू शकते, दोन दिवसांनी उत्तर देऊ शकते, आणि तुला ते दिसत नाही. खाली एवढंच लिही की लगेच उत्तर दिलं नाहीस तरी चालेल. बाकी मोगरा, साहेब, रस्त्यात भेटलेले जुने सर, पहिल्यांदा जमलेली पुरणपोळी, हे तिला सगळ्यांसारखंच सांग. तिलाही चार तास इंजेक्शन आणि रिपोर्ट सोडून दुसऱ्या कशावर तरी बोलायचं असतं. आणि तिच्या छोट्या गोष्टी विचारत जा, तिचं आयुष्य म्हणजे फक्त ट्रीटमेंट नाहीये. एक जण मला म्हणाली होती, मॅडम, दोन वर्षांत मला कोणी "तुझं काय चाललंय" असं विचारलंच नाही, सगळे "काही झालं का" एवढंच विचारतात.

आता दृष्ट. सासूबाईंशी वाद घालू नकोस, आधी सांगते. मीठ-मोहरी ओवाळून टाकण्यात त्यांचं प्रेम असतं आणि मला त्यात काही चुकीचं दिसत नाही, माझ्या आईने माझी लग्नापर्यंत काढलीये. दृष्ट लागते का नाही ते सोड, पण त्या समजुतीत एक व्यवहाराची गोष्ट आहे, की सगळे ऐकणारे सारखे नसतात. काहींना आपलं चांगलं झालेलं खरंच सोसत नाही, हे म्हातारी माणसं आपल्यापेक्षा लवकर ओळखतात. म्हणून पहिले तीन महिने पोटातलं सांगू नये म्हणतात, जमिनीचा व्यवहार रजिस्ट्रेशन होईपर्यंत बोलू नये म्हणतात. अर्धवट असलेली गोष्ट झाकून ठेवायला काहीच हरकत नाही. पण मोगरा फुललाय, तो काही अर्धवट नाही. आणि झाकायचं ते सगळ्यांपासून नव्हे, तिसऱ्या आणि चौथ्या तऱ्हेच्या माणसांपासून. त्याच म्हाताऱ्या माणसांची एक म्हणही आहे बघ, सुख सांगावं जनात, दुःख सांगावं मनात. त्यातला दुसरा भाग मोडण्यातच माझं पोट चालतं, लोकांनी दुःख मनात ठेवू नये म्हणून, पण पहिल्या भागाशी माझं काही भांडण नाही.

आणि जाता जाता, पतंजलींच्या योगसूत्रात पहिल्या पादात 33 वं सूत्र आहे, त्यात मन प्रसन्न ठेवायचं तर कुणाशी कसं वागावं ते दिलंय. दुःखी माणसाबद्दल करुणा, हे कुणीही म्हणेल. पण मैत्री कुणाशी सांगितलीये माहितीये? सुखी माणसाशी. मला वाटायचं चुकून उलटं झालंय की काय. आता वाटतं अवघड काय आहे ते त्यांना बरोबर कळलं होतं, कारण दुसऱ्याच्या दुःखात डोळे आपोआप भरतात, दुसऱ्याच्या सुखात बसायला मात्र जागा करावी लागते.

बरं, आता करायचं काय. स्टेटस ठेवू नकोस, म्हणजे ठेव हवं तर, पण त्याने तुझं काम होणार नाही, 24 तासात उडून जातं आणि दूधवाल्यापासून जुन्या घरमालकापर्यंत सगळे नुसते बघून जातात. ग्रुपवर टाकायचीही घाई नको. त्या चौघींपैकी एक निवड, जी पूर्वी "मग पुढे काय झालं" असं विचारायची, अशी एक असतेच. तिला एकटीला व्हॉइस नोट पाठव. टाइप करत बसलीस की परत पुसशील, तुझा इतिहास आहे तो. बोललेलं पुसायला जिवावर येतं, आणि त्यात तुझा आवाज जातो, मागे कुकरची शिट्टी जाते, मुलाचं ओरडणं जातं. मिनिटभर बोल, सॉरी डिस्टर्ब करतेय वगैरे सुरुवात नको. आणि शेवटी तिला तिचं विचार, पण "बाकी काय" असं नको, काहीतरी नेमकं विचार. मागच्या वेळी ती काय म्हणाली होती, ड्रायव्हिंग शिकणार होती ना, गाडी रिव्हर्स घेता यायला लागली का?

तिने नुसता अंगठा पाठवला तर वाईट वाटेल, हे खोटं बोलत नाही. एकदा होऊ शकतं, ती बसमध्ये असेल, पोर आजारी असेल. दोन-तीनदा झालं तर दुसरी बघ, आणि मैत्रीणच पाहिजे असं नाही, वॉचमनही चालतो हे वर सांगितलंच. नवऱ्याला शिकवता येतं का असं तू विचारलं नाहीयेस, पण विचारशील, म्हणून सांगते, येतं. आमच्याकडे मी सरळ सांगून टाकलंय की आधी तीन प्रश्न विचार आणि मग काय ती काळजी कर. पहिले सहा महिने ते बोटं मोजून तीन प्रश्न विचारायचे, फार हसू यायचं, पण विचारायचे. आता मोजत नाहीत. लेक मात्र अजूनही पहिला फोन मावशीलाच करते, ते काही मला फिरवता आलेलं नाही, दुसरा मला येतो.

आणि काय गं, मोगऱ्याला कळ्या आल्या एवढंच लिहिलंस आणि पुढे गेलीस. किती आल्या? चार वर्षं नुसती पानं देत होता म्हणजे छाटणी केलीस का या वेळी, की कुंडी उन्हात हलवलीस? आणि पहिलं फूल उमललं त्या दिवशी काय केलंस त्याचं, देवाला वाहिलंस की केसात माळलंस?